भूकमोड

आमच्या घरात भूक ही जपून ठेवायची वस्तू होती. "आत्ता चिवडा खाऊ नकोस, भूक मरेल," हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं की, भूक नावाचं एखादं अशक्त मांजराचं पिल्लू आपल्या पोटात राहतं आणि पानं मांडेपर्यंत त्याला जिवंत ठेवणं ही आपली जबाबदारी आहे, अशी माझी पक्की समजूत झाली होती. हे पिल्लू कशानंही मरायचं. चहानं मरायचं, पेरूनं मरायचं. शेजारच्या काकूंनी हातावर ठेवलेला बेसनाचा लाडू म्हणजे तर दिवसाढवळ्या खून. भूक मेली की पानात टाकणं आलं, आणि पानात टाकलं की 'पुढच्या जन्मी काय होशील' हे आजीचं प्रकरण आलं. त्यापेक्षा भूक सांभाळलेली बरी.

अशा घरात वाढलेल्या माणसानं वयाच्या 58व्या वर्षी 1190 रुपये मोजून भूक मारायची बाटली विकत आणली.

सुरुवात शिंप्यापासून झाली. शिंप्यासारखा सभ्य माणूस दुसरा नसतो. 'पोट सुटलंय' असं तो कधीच म्हणत नाही; टेप गळ्यात टाकून, वहीत बघत, "यंदा जरा ऐसपैस ठेवू या," म्हणतो. त्या 'जरा'त तीन इंच होते. मग डॉक्टरांच्या काट्यानं 84 किलो दाखवले आणि डॉक्टरांनी त्यातले दहा परत मागितले. बागेतल्या कट्ट्यावर सल्लागारांची कमतरता नाही. तिथे दोन पंथ आहेत. एक दिवसातून दोनदाच, तेही 55 मिनिटांत जेवण आटोपणारा, डॉ. दीक्षितांचा, दुसरा दर दोन तासांनी थोडंथोडं खाणारा, ऋजुता दिवेकरांच्या नावानं चालणारा. मी दोन्ही पाळून पाहिले. चूक एवढीच झाली की एकाच वेळी पाळले. दोनदा पोटभर जेवत होतो आणि मधल्या वेळात दर दोन तासांनी थोडंथोडं खात होतो.

तेव्हा कट्ट्यावरचा तिसरा, अल्पसंख्य पंथ पुढे सरसावला. "खाणं कमी करायचंच नाही," तो म्हणाला, "भूकच कमी करायची. पूर्ण वनस्पतीजन्य. काही अपाय नाही."

बाटली आली. हिरवं झाकण, कमरेला मोजपट्टी गुंडाळलेली एक बाई, बाजूला एका झाडाचं चित्र. साठ कॅप्सूल. जेवणाआधी अर्धा तास दोन, कोमट पाण्याबरोबर. मी ती देवघराशेजारच्या फळीवर ठेवली, कारण रोज घ्यायच्या सगळ्या गोष्टी आमच्याकडे तिथेच राहतात. संध्याकाळी आईनं ती चष्मा कपाळावर चढवून, डोळ्यांच्या अगदी जवळ धरून पाहिली.

"अरे, ही माकडशिंग आहे," ती म्हणाली.

"कोण?"

"ही, चित्रातली. आमच्या डोंगरावर होती. शेळ्या राखायला जायचो तेव्हा मोडून खायचो मीठ लावून. कशावरचं औषध आहे?"

"भूक मरते यानं."

"मरतेच. म्हणून तर खायचो." तिनं बाटली हलवून पाहिली. "कधी घ्यायचं?"

"जेवणाआधी अर्धा तास."

"आणि मग जेवायचं?"

"हो, जेवायचं."

"बरं," असं म्हणून तिनं बाटली जागेवर ठेवली. आईच्या 'बरं'ला उत्तर नसतं.

आई माणची. माण तालुका म्हणजे साताऱ्याचा तो भाग, जिथे पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेता जातो. माकडशिंग तिथल्या मुरमाड, खडकाळ उतारांवर काटेरी झुडपांच्या आडोशाला उगवते. काही ठिकाणी तिला शिंदळमाकुडी म्हणतात. पानं जवळजवळ नाहीतच. बोटाएवढी जाड, चौकोनी, मांसल कांडी सरळ वर जाते, वरवर निमुळती होते आणि टोकाशी छोटी जांभळट फुलं येतात. फुलांच्या कडेला बारीक लव असते. वनस्पतीशास्त्रात तिचं नाव कॅरालुमा. दुष्काळात खाण्याच्या वनस्पतींच्या याद्यांमध्ये ती सापडते. शिकारी, गुराखी, धनगर, डोंगरातून लांब पल्ला चालणारी माणसं ती सोबत ठेवत. जवळ भाकरी नसली तर चार कांड्या चघळायच्या आणि पुढचा डोंगर चढायचा. भाकरी असताना कुणी ती चघळत बसल्याचं आईला आठवत नाही.

मला बहात्तरचा दुष्काळ आठवतो तो फक्त चवीनं. मी पाच वर्षांचा होतो, आजोळी गेलो होतो, आणि तिथे दुष्काळी कामावर वाटलेली सुकडी कुणीतरी माझ्या हातावर ठेवली होती. मला ती फार आवडली. मी आणखी मागितली तेव्हा सगळ्या बायका हसल्या आणि मामीनं स्वतःच्या वाटची दिली, एवढंच लक्षात आहे. मोठी माणसं त्या वर्षी खडी फोडत होती आणि परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकऱ्या गिळत होती. आई सांगते, त्या वर्षी डोंगरावर माकडशिंगाचं बोटभर कांडं शिल्लक राहिलं नव्हतं.

तीच आता कॅप्सूलमध्ये बसून हिरव्या झाकणाखाली आमच्या देवघराशेजारी आली होती, आणि आल्याबरोबर माहेरच्या माणसानं तिला ओळखलं होतं.

अशी प्रगती केलेली ती एकटी नाही. आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटात हुडिया नावाची अशीच एक काटेरी, मांसल वनस्पती आहे. तिथले सान लोक शिकारीच्या लांबच्या वाटेवर ती खात. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी संशोधन संस्थेनं तिच्यातल्या भूक मारणाऱ्या द्रव्याचं पेटंट घेतलं, तेव्हा ही विद्या मुळात ज्यांची होती त्यांना विचारायचं राहून गेलं. पुष्कळ आरडाओरड झाल्यावर 2003 मध्ये सान लोकांना नफ्यात वाटा द्यायचा करार झाला. नफा मात्र फारसा झालाच नाही. ज्या मोठ्या कंपनीनं त्यातून सडपातळ करणारी पेयं काढायचं ठरवलं होतं, तिनं 2008 मध्ये नाद सोडला. वाटा ठरला, तोवर हंडी फुटली.

गंमत म्हणजे हुडिया, माकडशिंग आणि पुढे जिची भेट होणार आहे ती गुडमार, या तिघी एकाच कुळातल्या. आणि त्या कुळात आपली रुईही आहे, मारुतीच्या गळ्यातली. एवढं मोठं खानदान माणसाच्या भुकेवर का उठलंय, कळत नाही.

मी कॅप्सूल सुरू केल्या. रीतसर, अर्धा तास आधी, कोमट पाण्याबरोबर. आणि मधल्या अर्ध्या तासात करायला काही नसल्यामुळे वाचायला लागलो. तेवढं मात्र करायला नको होतं.

माकडशिंगावर बंगळूरला एक नीट प्रयोग झालेला आहे. 2007 मध्ये तो प्रसिद्ध झाला. पन्नास जाडजूड माणसं, साठ दिवस. निम्म्यांना रोज एक ग्रॅम अर्क, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. अर्क घेणाऱ्यांची भूक कमी झाली, कमरेचा घेरही उतरला. वजन? वजनात दोन्ही गटांत दखल घ्यावी एवढा फरक पडला नाही. हे वाचून मी बराच वेळ विचार करत बसलो. भूक कमी, घेर कमी आणि वजन तेवढंच. म्हणजे शिंप्याला खूश करता येईल, डॉक्टरांना नाही.

आमसुलाची गोष्ट याहून चांगली आहे. आमसूल म्हणजे कोकम, आणि त्याचा केरळातला थोरला भाऊ म्हणजे माशाच्या कालवणात पडणारी कुडमपुळी. या फळांच्या आंबटपणात एक आम्ल असतं. ते 1965 मध्ये म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुईस आणि नीलकंठन या दोघांनी ओळखून दाखवलं: हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल. शरीरात साखरेची चरबी करणाऱ्या एका विकराला ते अडवतं असं पुढे अमेरिकेत दिसलं, आणि या आम्लानं प्राण्यांची भूकही मंदावते असं प्रयोगशाळेतले उंदीर सांगू लागले. उंदरांवर माणसांचा विश्वास फार. तिकडे गार्सिनिया नावानं गोळ्यांचा पूर आला. मग 1998 मध्ये अमेरिकी डॉक्टरांच्या नियतकालिकात एक चाचणी छापून आली. 135 माणसं, बारा आठवडे, सगळ्यांना एकच आहार. ज्यांना हे आम्ल दिलं त्यांचं वजन सरासरी 3.2 किलोनं उतरलं. ज्यांना पोकळ गोळी दिली त्यांचं 4.1 किलोनं. शास्त्रज्ञ म्हणतात, हा फरक योगायोगाचा, त्याला अर्थ नाही. नसेल. पण तेव्हापासून पोकळ गोळी कुठे मिळते याची मी चौकशी करतोय.

या चाचणीची मुळात गरजच नव्हती. मालवणात कुठल्याही खानावळीत दुपारी एक वाजता कुणी येऊन उभं राहिलं असतं तरी काम झालं असतं. कोकम भूक मारत असतं तर त्या खानावळींना केव्हाच टाळं लागलं असतं. तिथे काय होतं? माणूस सुरमईचा तुकडा, तिसऱ्यांचं सुकं, भाकरी असं सगळं रिचवून हात धुवायला उठणार, एवढ्यात वाटीत सोलकढी येते. गुलाबी, वर कोथिंबीर तरंगणारी, लसणाचा मागून येणारा वास. पहिला घोट जिभेच्या दोन्ही कडांना असा काही चिमटा काढतो की तो मुकाट पुन्हा बसतो आणि म्हणतो, "जरा भात आणा." हे आमचं भूक मारणारं फळ! एकाच फळाची सोलकढी भूक वाढवायला आणि कॅप्सूल भूक घालवायला. फळाला बिचाऱ्याला यातलं काही ठाऊक नाही, ते आंबट आहे एवढंच.

आमच्या डॉक्टरांना मी हे सगळं मोठ्या कौतुकानं सांगितलं. त्यांनी बाटलीवरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली. आत माकडशिंगाबरोबर कुडमपुळीचाही अर्क होता.

"यानं काहींच्या यकृताला त्रास झालेला आहे," ते म्हणाले. "फार जणांच्या नाही, पण झालेला आहे."

"पण वनस्पतीजन्य आहे," मी म्हणालो.

"धोतराही वनस्पतीजन्यच आहे," डॉक्टर म्हणाले आणि पुढचा पेशंट आत बोलावला.

आता आघाडा. गणपतीच्या दिवसांत दुर्वा, आघाडा, फुलं अशी आरोळी ठोकत बायका रस्त्याच्या कडेला बसतात, तोच. रानात चालताना धोतराला, लुगड्याला उलट्या बाजूनं चिकटणारी, खाली वाकलेली टोकदार बोंडं. या आघाड्याच्या बिया तांदळासारख्या निघतात आणि त्यांच्या नावानं चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला दुसरा अख्खा अध्याय ओळखला जातो: अपामार्गतण्डुलीय. त्यात वेगवेगळ्या तक्रारींवर पेजांचे प्रकार दिलेत. कुठली पेज भूक वाढवणारी, कुठली तहान भागवणारी, आणि त्यात एक चक्क भूक मारणारी. कृती अशी: आघाड्याचे तांदूळ, दूध आणि घोरपडीच्या मांसाचा रस.

मी ही कृती बायकोला वाचून दाखवली. तिनं फक्त शेवटच्या जिनसापाशी मान वर केली. "भूक मरेल नाही तर काय," ती म्हणाली. "नुसतं ऐकूनच मेली माझी."

घोरपड पकडणं आता कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा ती पेज बाद. पण सरपटणाऱ्यांचा आणि भुकेचा काही जुना करार असावा अशी शंका येते. अमेरिकेच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा विषारी, गुबगुबीत सरडा आहे. वर्षातून मोजक्या वेळा जेवणारा. त्याच्या विषात जॉन एंग नावाच्या डॉक्टरांना 1990च्या दशकाच्या सुरुवातीला एक द्रव्य सापडलं आणि त्यावरून बेतलेलं मधुमेहाचं औषध 2005 मध्ये बाजारात आलं. ते घेणाऱ्यांची भूक कमी व्हायची, वजन उतरायचं. आज ज्या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची जगभर चर्चा आहे, त्यांच्या घराण्यातलं ते पहिलं. चरकाची घोरपड वेगळी, हा सरडा वेगळा, औषधंही वेगळी. ओढूनताणून नातं लावायची मला हौस नाही. पण रात्री भिंतीवरची पाल चुकचुकली की हल्ली मी तिच्याकडे जरा आदरानं बघतो.

त्याच चरकसंहितेत थोडं पुढे गेलं की सातव्या अध्यायात तेरा वेगांची यादी येते. शरीराच्या या तेरा हाका दाबून ठेवू नयेत, दाबल्या तर आजार होतात. शिंक आहे, ढेकर आहे, जांभई आहे, आणि जांभईच्या शेजारीच भूक बसलेली आहे. आमची आजी चरक वाचलेली नव्हती. पण भूक मारू नये हे तिला आणि चरकाला दोघांनाही ठाऊक होतं. फरक एवढाच की चरकानं अडीनडीला मारायची कृतीही देऊन ठेवली.

खरं तर आपली सगळी स्वयंपाकघरं भूक वाढवण्याच्या कामावर नेमलेली आहेत. पानाच्या डाव्या बाजूकडे बघा. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं: यातलं एकही पोट भरायला वाढलेलं नाही, उजव्या बाजूचं जास्त जावं म्हणून वाढलेलं आहे. जेवणाआधी आल्याचा तुकडा सैंधव लावून. पहिल्या घासाला तुपात कालवलेलं हिंग्वाष्टक. जेवताना आग्रह. आणि एवढं करूनही कुणाला भूक लागली नाही तर दृष्ट काढायची. अशा वाड्यात भूक मारायचं औषध आणणं म्हणजे तालमीत जाऊन अहिंसेवर प्रवचन देण्यासारखं.

आघाड्याचीही हीच गत. गणेशचतुर्थीला आम्ही तो देवाला वाहतो. भूक मारणारी पत्री मस्तकावर, आणि खाली समोर एकवीस मोदक. मोदकांना त्याचा काही उपद्रव होत नाही, हे मी दरवर्षी पाहतो. दुपारपर्यंत पाच उरतात.

गुडमारचा प्रयोग मात्र मी स्वतः केला. सह्याद्रीत होणारा हा वेल, संस्कृतात मधुनाशिनी. त्याचं पान चावून खाल्लं की जिभेवरच्या गोड चव ओळखणाऱ्या जागा काही वेळ बंद पडतात. खारट कळतं, आंबट कळतं, कडू कळतं, फक्त गोड नाही. कंपनी सरकारच्या नोकरीतल्या एजवर्थसाहेबांना म्हणे पान चावल्यावर चहातली साखर लागेनाशी झाली आणि ही गोष्ट विलायतेत पोचली; पुढे 1887 मध्ये उटकमंडच्या डेव्हिड हूपर यांनी पानातलं आम्ल वेगळं काढलं. मला वाटलं, हे भुकेच्या वाट्याला न जाता थेट मोहावर घाव घालणारं औषध दिसतंय. पाडव्याला जेवायच्या आधी मी एका वैद्यमित्राकडून आणलेली दोन पानं चावली. चव कडवट, गवतासारखी. मग श्रीखंडाचा पहिला चमचा तोंडात घातला.

गोडी नावालाही नाही. चक्का. आंबट, गार, चिकट चक्का, आणि त्यात वाळूसारखी काहीतरी कचकच, ती साखर. वेलदोडा होता, केशर होतं, जायफळही होतं, पण सगळे वऱ्हाडी जमलेत आणि नवरदेवच आलेला नाही अशी अवस्था. शास्त्राप्रमाणे इथे मी वाटी बाजूला सारायला हवी होती. पण माझ्या मनात आलं, आता असर उतरला असेल. दुसरा चमचा घेतला. नव्हता उतरला. थोडं थांबून तिसरा. अर्ध्यापाऊण तासानं गोडी हळूहळू, एखादा दिवा मोठा करावा तशी परत आली, तेव्हा तिसरी वाटी संपत आली होती. आणि मग इतका वेळ गोड असं काही खाल्लंच नव्हतं म्हणून चौथी घेतली.

इसबगोलाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तो पाणी पिऊन फुगतो, पोटात जागा अडवतो आणि सकाळी उपकार करतो. त्याच्या नावाचं मूळ फारसीत आहे, अर्थ घोड्याचा कान, बीचा आकार तसा असतो म्हणून. एवढी एक गोष्ट मला आवडली. सुरणाचा एक परदेशी चुलता आहे, कोंजॅक. जपानी लोक त्याच्या कंदाची लिबलिबीत वडी करून खातात. त्याचंही तेच, पाणी पिऊन फुगायचं. युरोपातल्या अन्नसुरक्षेच्या यंत्रणेनं त्याचा वजनाबाबतचा दावा मान्य केला आहे, पण तोही कमी खाण्याच्या अटीवर: दिवसाला तीन ग्रॅम, जेवणाआधी एकेक ग्रॅम, सोबत एक-दोन पेले पाणी. आमच्या घरी लग्नाच्या पंक्तीत याच कामाला वेगळं नाव होतं. "आधी मठ्ठा संपवा रे पोरांनो," असं आचारी म्हणायचा. जिलबी कमी पडायला लागली की मठ्ठ्याचा आग्रह वाढे.

सतरा दिवस मी बाटलीचा नेम पाळला. औषधाला दोष द्यायचा नाही मला. त्यानं कदाचित आपलं काम चोख केलंही असेल. अडचण निराळीच निघाली. भूक मारायची तर आधी ती लागायला हवी, आणि मला आठवेना की भूक लागली म्हणून मी शेवटचा केव्हा जेवलो. मी हिशेब मांडला. सकाळी पोहे, कारण सकाळ झाली म्हणून. अकराला चहा आणि दोन बिस्किटं, कारण ऑफिसात असताना ती वेळ चहाची होती आणि निवृत्ती मनाला कळली तरी जिभेला कळायची आहे. दुपारी जेवण, कारण बायकोनं "पानं घेतलीत" म्हटलं. चारला चिवडा, कारण डबा समोर होता. एका घरी दिवसकार्याला गेलो तिथे जिलबी खाल्ली, कारण नाही म्हटलं तर वाईट दिसतं. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शिंगाड्याचा शिरा आणि दाण्याची आमटी, कारण उपास होता. या सगळ्यात भूक कुठे होती? जपानी शास्त्रज्ञांनी 1999 मध्ये घ्रेलिन नावाचं जठरातून निघणारं भुकेचं संप्रेरक शोधलं. ते रोजच्या जेवणाच्या वेळा जवळ आल्या की आपसूक वाढतं म्हणे. म्हणजे पोटालाही सवयीनं घड्याळ कळतं. माझं घ्रेलिन बिचारं निवृत्त कारकुनासारखं रोज वेळेवर येत असणार आणि खुर्चीवर आधीच पोहे बसलेले बघून परत जात असणार.

अठराव्या दिवशी काट्यावर उभा राहिलो. 84 किलो 400 ग्रॅम.

"वरचे चारशे ग्रॅम गोळ्यांचे असतील," बायको म्हणाली.

त्याच वर्षी भाद्रपदात आजोळी जाणं झालं. मामेभावाला म्हटलं, मला माकडशिंग दाखव. तो माझ्याकडे आणि माझ्या बुटांकडे पाहून हसला. "दादा, ती खाली येत न्हाई. वर जावं लागतंय." सकाळी सातला निघालो. बरोबर पाणी घेतलं, खाण्याचं काही घ्यायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही; त्याला वाटलं मी घेतलंय, मला वाटलं तो घेईल. डोंगर म्हणजे नुसता मुरूम आणि घसरडं गवत. दोन तास आम्ही झुडपांखाली वाकवाकून बघत होतो. लहानपणी पावलापावलाला होती म्हणे, आता शोधावी लागते. शेवटी एका हेकळीच्या जाळीत, काट्यांच्या मधोमध तीन कांड्या उभ्या दिसल्या. हिरव्यावर जांभळट झाक, टोकाशी दोन फुलं, एवढीशी, मान खाली घातलेली. बाटलीवरचं चित्र बरंच सजवलेलं होतं. भावानं एकच कांडी वरून मोडली.

"मुळाला हात लावायचा न्हाई. फुटती परत."

खिशातून त्यानं मिठाची पुडी काढली. म्हणजे मीठ तेवढं त्यानं आठवणीनं घेतलं होतं. कांडी करकरीत, पाणीदार; आधी तुरट, मग किंचित आंबट, आणि गिळल्यावर मागून हळूच येणारं कडू. अर्धी मी खाल्ली, अर्धी त्यानं. दगडावर बसून खालचं गाव बघत राहिलो. आईच्या शाळेची इमारत, तिच्या मागे ओढा, त्यात पाणी नाही. मला खरंच थोडा वेळ काही खावंसं वाटलं नाही.

तो थोडा वेळ उतरणीच्या पहिल्या वळणापर्यंत टिकला. मग पोटात जे सुरू झालं त्याला कावळे ओरडणं म्हणणं कमीपणाचं होईल. गुडघे थरथरत होते, कानशिलं तापली होती आणि डोक्यात दुसरा विचारच नव्हता. कित्येक वर्षांनी भेट झाली, पण मी तिला लगेच ओळखलं. घरी पोचलो तेव्हा दीड वाजला होता. वहिनी चुलीपुढे बाजरीच्या भाकरी थापत होती. मटकीची आमटी होती, शेंगदाण्याची चटणी होती आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. तव्यावरून उतरलेली भाकरी सरळ पानात येत होती, पापुद्रा फुगलेला, आत वाफ. पहिल्या दोन भाकरींची मला आठवण नाही. तिसरीला चव कळायला लागली. चौथी वहिनीनं न विचारता वाढली.

पुण्याला परतल्यावर मी आईला सांगितलं की माकडशिंग खाऊन आलो. तिनं फक्त एकच विचारलं, "मुळासकट उपटली नाहीस ना?"

बाटलीत सव्वीस कॅप्सूल उरल्या होत्या. त्यांचं पुढे काय झालं हे मी विचारलं नाही. पण बाटली चांगली होती, घट्ट झाकणाची, आणि आमच्या घरात घट्ट झाकणाची बाटली टाकून देण्याची पद्धत नाही. बायकोनं ती गरम पाण्यानं धुऊन, उन्हात वाळवून, तिच्यात घरी कुटलेलं हिंग्वाष्टक भरलं. चिकटवलेला कागद निघता निघेना, म्हणून तसाच राहिला. कमरेला मोजपट्टी लावलेली ती बाई आता जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी उभी असते. परवा कट्ट्यावरचे तेच स्नेही जेवायला आले होते. बाटली बघून त्यांना फार समाधान वाटलं.

"घेताय ना नियमित?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या घासालाच," मी म्हणालो. "तुपाबरोबर."

त्यांनीही चमचाभर घेतलं. त्या दिवशी भात दुसऱ्यांदा लावावा लागला.